काजळीचे कान

काजळीच्या गळ्यातला पट्टा तिसऱ्यांदा लाल झाला तेव्हा मी तिच्यापासून दहा पावलांवर उसाचा रस पीत उभी होते. रस छान होता, आलं घातलेला. तो पट्टा लाल करण्यात माझाच हात आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून ग्लास निम्मा तरी संपला.

आमच्या पळसखिंडीत शनिवारी बाजार भरतो. बाजाराच्या कडेने ठकूमावशी मरगळे त्यांची मेंढरं माळाकडे नेत होत्या आणि मागे काजळी चालत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांभोवती कुणीतरी बोटाने ओढल्यासारख्या काळ्या रेघा आहेत, म्हणून काजळी. तेवढ्यात भांडीवाल्याच्या हातून एक मोठं घमेलं निसटलं आणि फरशीवर खणखणत, गोल गोल फिरत राहिलं. काजळी त्याच्याकडे तोंड करून असं भुंकली की माझ्या हातातला ग्लास हिंदकळला. पुढे उडी, मागे उडी, परत पुढे.

खांबावरच्या पारखीचा डोळा तिच्याकडे वळला. अकरा सेकंद गेले. पट्ट्यातला दिवा लाल झाला आणि ठकूमावशींच्या कनवटीचा फोन वाजला.

"वाच गं पोरी," त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मीच जवळ होते.

मी वाचलं. तिसरी लाल नोंद. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता कुत्रीला तालुका श्वान केंद्रावर आणून द्यावे. तिथून जिल्ह्याच्या कायम निवाऱ्यात रवानगी.

"कायम म्हंजी?"

"म्हणजे... परत नाही येणार, मावशी."

"अगं पण ती भ्याली," त्या म्हणाल्या. "भ्यालेल्याला कसला दिवा लावता?" मग मेंढरांकडे बघून, कुणालाच न सांगता म्हणाल्या, "माळाला लांडगं हायती. हिच्याबिगार मी रातीचं मेंढरांच्या वाड्यापाशी काय करू?"

माझ्याबरोबर गार्गी होती, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. ती माझ्या मागे लपली होती. "कसली आहे ती कुत्री," ती माझ्या कानात म्हणाली. "आमचा डायमंड बघ. आयुष्यात भुंकला नाही."

मी मात्र काजळीच्या डोक्याकडे बघत होते. तिला कान नव्हते. दोन गोल भोकं आणि त्यांच्याभोवती कातडीची जाड कड. शेपटीच्या जागी बोटभर खुंट. हे डोकं मी आधी पाहिलं होतं. एकदा नव्हे, तीनशे वेळा.

आता पारखीबद्दल सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला. त्यानंतर प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात दिव्याचा पट्टा आणि प्रत्येक चौकात पारखीची पेटी. पेटी कुत्र्याकडे अकरा सेकंद बघते. कान, शेपूट, तोंड, डोळे, पाठीवरचे केस आणि अंगाचा भार कुठल्या पायांवर आहे, या सहा गोष्टी. मग ती ठरवते. निवांत असेल तर हिरवा. बिथरणारा असेल तर पिवळा, म्हणजे याला जागा द्या. आक्रमक असेल तर लाल. बिथरणारा आणि आक्रमक यांत फरक करता येणं हेच तर पारखीचं मोठेपण होतं. दोघेही दात दाखवतात, पण एकाला तुम्ही लांब जायला हवे असता आणि दुसऱ्याला तुम्ही हवे असता. पारखी आल्यापासून गावातले चावे निम्म्यावर आले. ती काही वाईट वस्तू नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

पण पारखी जन्मतः हुशार नसते. तिला हजारो क्लिपा दाखवून कुणीतरी सांगावं लागतं की हे कान मागे आहेत, ही शेपूट ताठ आहे, हा कुत्रा असा, तो तसा. मग पुढे तसलं काही दिसलं की ती तेच उत्तर देते. आमच्या तालुक्यात हे सांगायचं काम यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या मुलांनी केलं. आणि सगळ्यात जास्त नोंदी कुणी केल्या? मी. दोन हजार चौदा.

त्याआधी मी वर्गात कधी हात वर न करणारी मुलगी होते. उत्तर यायचं, हात नाही यायचा. पंधरा ऑगस्टला माझा सत्कार झाला, माईक हातात दिला, आणि तेव्हापासून मी बोलतेच आहे. शाळेच्या हॉलमध्ये माझा फोटो आहे, खाली लिहिलंय, 'सर्वाधिक नोंदी: सानिका लेंगरे, इयत्ता नववी'. हॉलमधून जाताना मी तिकडे बघत नाही असं दाखवत रोज बघते.

आता खरं सांगते. मी अकरा सेकंदांची क्लिप चार सेकंदांत उडवायचे. बाजाराचा गठ्ठा मी मागून घेतला होता, कारण त्यात कुत्री खूप आणि काम पटापट. त्यात मेंढपाळांची कुत्री होती, कान कापलेली. फॉर्म विचारायचा, 'कान कसे आहेत? उभे, सैल, की मागे चिकटलेले?' 'कानच नाहीत' असा पर्याय नव्हता आणि रिकामं सोडलं की फॉर्म पुढे जायचा नाही. मी ठोकायचे, 'मागे चिकटलेले'. शेपटीचा खुंट वरच दिसायचा, म्हणून 'ताठ'. आणि शेवटचा प्रश्न, कुत्रा कसा? भुंकला तर आक्रमक, गप्प राहिला तर निवांत. विषय संपला, पुढची क्लिप.

म्हणजे काजळीने काहीही केलं असतं तरी पारखीला तिचे कान मागे आणि शेपूट ताठच दिसणार होती. पारखीला हे मी शिकवलं होतं.

उरलेला रस मी गार्गीला दिला आणि तडक श्वान केंद्रावर गेले.

डॉक्टर मुल्ला मॅडम केंद्र चालवतात. त्या एका गाढवाच्या खुरात वाकून बघत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी खूर सोडला नाही.

"म्हणजे ती तू," त्या म्हणाल्या. "मेंढपाळांची सगळी कुत्री लाल का होतायत, हे मी दोन महिने वरच्या ऑफिसला विचारतेय."

"मॅडम, मी चुकीच्या नोंदी बदलते. आत्ता."

"बदलता येतात. पण तीनशेच नाही. ज्याची नोंद चुकली त्याने आपल्या सगळ्या पुन्हा तपासायच्या, असा नियम आहे. नाहीतर जो तो आपल्या कुत्र्यापुरतं सुधारील."

"सगळ्या?"

"दोन हजार चौदा. एकीला चाळीस सेकंद धर. बावीस तास होतात. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दिलंस तर शनिवारी सकाळी पारखी नवं शिकून तयार असेल. शाळा बुडवायची नाही." मग त्यांनी खूर खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पण तुला बघता येतं का? का पुन्हा तेच ठोकणार आहेस?"

"नाही येत," मी म्हणाले. हल्ली हे मी कमी वेळा म्हणते.

"उद्या माळावर जा," त्या म्हणाल्या. "ठकूबाईंना विचार. मी पाच वर्षं शिकले, त्या तीस वर्षं बघतायत."

रविवारी सकाळी मी सायकलने माळावर पोचले. काजळीने मला लांबूनच पाहिलं आणि भुंकायला लागली. मी सायकल टाकून उभी राहिले. घरी जायचं नाही हे मी चढावरच ठरवलं होतं.

ठकूमावशी दगडावर बसून लोकर पिंजत होत्या. "काय गं, मेसेज वाचणारी? आता काय आणलंस?"

मी सांगितलं. फॉर्म, कान, फोटो, सगळं. मला वाटलं त्या शिव्या देतील. त्यांनी लोकर बाजूला ठेवली.

"लांडगा पयला कान धरतो," त्या म्हणाल्या. "कान धरला की कुत्रं हालत न्हाई, मग नरडं. म्हून पिल्लू असतानाच कापायचं. आमच्यात समदी कापत्यात. हिचं म्याच कापलं, ह्या हातानं." त्यांनी हात उलटा करून पाहिला. "कुत्रं कानानं बोलतंय, हे आमाला काय ठावं? म्या तिची जीभ कापली, तू ती वाचली न्हाईस. दोघीबी सारख्याच."

काजळी अजून भुंकत होती.

"आता तिच्याकडं बघ. तोंडाकडं नगं. तोंड लई आवाज करतंय. पायाकडं बघ."

मी पाहिलं. काजळी पुढे झेपावायची तेव्हा पुढचे पाय हवेतच असायचे. भार सगळा मागे. मागच्या पंजांखाली माती खोल दबली होती आणि पुढे नुसत्या ओरखड्यांच्या रेघा होत्या.

"जे खरंच येनार, ते पुढच्या पायावर बसतंय," मावशी म्हणाल्या. "आणि गप येतंय. आता मागं सर. धा पावलं."

मी मोजून दहा पावलं मागे गेले. काजळी थांबली. जीभ काढून स्वतःचं नाक चाटलं. बाजूला बघितलं, जणू मी तिथे नव्हतेच. मग नाकापासून खुंटापर्यंत सगळं अंग झटकलं, ओल्या कुत्र्यासारखं. पण ती कोरडी होती.

"झटकलं बघ," मावशी म्हणाल्या. "गेलं तिचं भ्या. तुला जायाला सांगत हुती, तू गेलीस. आता ती कशाला वरडंल?"

मी दुपारपर्यंत तिथे होते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तोंडाचे कोपरे कसे मागे ओढले जातात आणि तोंड लांब दिसतं, तेही पाहिलं. आक्रमक कुत्र्याचं उलटं असतं, ओठ पुढे येतात आणि तोंड आखूड होतं. ते मॅडमनी संध्याकाळी केंद्रावर एका जुन्या क्लिपेत दाखवलं. दोन्ही डोक्यात बसलं तसा मला माझाच राग आला आणि मग तो राग कामाला लागला. सोमवारपासून पहाटे दोन तास, शाळा सुटल्यावर तीन तास. आई विचारायची, परीक्षा आहे का? मी म्हणायचे, हो.

बुधवारी संध्याकाळी क्लिप नंबर एक हजार तीनशे सहा आली. गार्गीची गल्ली. डायमंड.

क्लिपेत गार्गीची धाकटी बहीण चिऊ होती, चार वर्षांची, हातात बिस्किट. डायमंड तिच्यासमोर उभा. भुंकत नाही, गुरगुरत नाही. मी उन्हाळ्यात नोंद केली होती, 'निवांत'. शेरा लिहायची जागा होती तिथे हौसेने लिहिलं होतं, 'खूप गुणी'.

मी क्लिप पूर्ण पाहिली. डायमंड दगडासारखा स्थिर होता. शेपूट सरळ, हलत नव्हती. डोळे बिस्किटावर नाहीत, चिऊवर. तोंड आखूड. आणि सगळा भार पुढच्या पायांवर. सातव्या सेकंदाला चिऊ मागे सरली. काजळी असती तर तिथे संपलं असतं. डायमंड एक पाऊल पुढे आला. चिऊ आणखी मागे. तो आणखी एक. मग घरातून कुणीतरी हाक मारली आणि क्लिप संपली.

मी ती अकरा वेळा पाहिली. पटत नव्हतं म्हणून नाही, पटलं होतं म्हणून.

'तपासले, बदल नाही' असं एक बटण असतं. दोन हजारांत एक क्लिप, कुणाला कळणार होतं? मी ते बटण दाबलं नाही. दुसरंही दाबलं नाही. फोन घेतला आणि सायकलने गार्गीकडे गेले.

ती ओट्यावर बसून गणितं सोडवत होती. डायमंड पायाशी पसरला होता, पट्टा हिरवागार. मी तिला क्लिप दाखवली, पाय दाखवले, तोंड दाखवलं, चिऊ मागे जाते तेही.

"खेळतोय तो," गार्गी म्हणाली.

"खेळणारा कुत्रा पुढून वाकतो, बुड वर करतो. हा वाकलाय का?"

"तू आता डॉक्टर झालीस का? एका रविवारात?"

"गार्गे, तो चिऊच्या मागे जातोय."

"त्या मेंढरांमागच्या कुत्रीसाठी तू आमच्या डायमंडला लाल करणार?" तिचा आवाज बारीक झाला. "आम्ही त्याला बाटलीने दूध पाजलंय. तू पण पाजलंयस."

पाजलं होतं. माझ्या मांडीवर झोपायचा.

"पहिल्या लाल नोंदीला घरच्या कुत्र्याला लगेच नेत नाहीत," मी म्हणाले. "तोंडाला जाळी, बंद अंगण आणि मॅडमकडे शिकवणी. तीन महिने."

"तुला फोटो काढून मिळाला ना हॉलमध्ये? मग बास की. आणखी कशाला मोठं व्हायचंय?" तिने वही मिटली. "उद्यापासून शाळेला मी पप्पांबरोबर जाईन."

घरी येताना मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण सायकलवर कुणाला दिसत नाही. मग घरी बसून एक हजार तीनशे सहाची नोंद केली. कान: उभे. तोंड: आखूड. भार: पुढे. कुत्रा: आक्रमक. 'खूप गुणी' खोडलं. आणि पुढची क्लिप लावली, कारण अजून सातशे आठ राहिल्या होत्या.

कान नसलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होताच. मॅडमनी वरच्या ऑफिसशी दोन दिवस भांडून फॉर्ममध्ये एक नवा पर्याय घालून घेतला. 'हा अवयव नाही. इतर लक्षणे पाहावीत.' मी तो तीनशे बारा वेळा दाबला. शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना सगळं पाठवलं.

शनिवारी दहा वाजता केंद्राच्या अंगणात जिल्ह्याची गाडी उभी होती. मागे पिंजरा, पुढे ड्रायव्हर चहा पीत. ठकूमावशींनी काजळीला दोरीने आणलं होतं. मेंढरं शेजारणीकडे सोपवून आल्या होत्या, त्यामुळे डोळे सारखे रस्त्याकडे.

"जुन्या तीन लाल नोंदी पुसायला लाल नसलेली एक ताजी नोंद लागते," मॅडमनी सांगितलं. "आवाज तोच हवा."

केंद्रातल्या शिपायाने पत्र्याचं घमेलं फरशीवर टाकलं. काजळी भिंतीला पाठ लावून उभी होती, ती भुंकून पुढे झेपावली. मागे जायला भिंत. बाजूला गाडी. ती पुन्हा पुढे आली, या वेळी जास्त. पट्टा पिवळा झाला, लुकलुकला, लालकडे झुकला.

आणि मला दिसलं. गुन्हा काजळीचा नव्हता, अंगणाचा होता.

"मॅडम, तिच्या दुसऱ्या बाजूचं फाटक उघडा," मी म्हणाले.

"पळाली तर?" ड्रायव्हर म्हणाला. "मग काय माझ्या नावावर लिहिणार का?"

"तिला जागाच दिली नाहीत तर ती काय करणार हे तुम्ही तपासताय. जागा दिल्यावर काय करते ते तपासायला हवं. अकरातले किती सेकंद उरलेत, मॅडम?"

"सहा," मॅडम म्हणाल्या.

शिपाई फाटकाकडे धावला. मी ठकूमावशींकडे पाहिलं. दोरी त्यांच्या हातात होती. त्यांनी मूठ उघडली आणि दोरी खाली पडली.

एका बाजूला पिंजऱ्याची गाडी, दुसऱ्या बाजूला सताड उघडं फाटक, आणि काजळी मोकळी. ड्रायव्हर उडी मारून केबिनमध्ये बसला. काजळीने घमेल्याकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. मग भुंकणं थांबवून फाटकातून बाहेर गेली. चार पावलं. तिथे थांबली, नाक चाटलं, नाकापासून खुंटापर्यंत अंग झटकलं आणि वळून परत येऊन ठकूमावशींच्या पायावर बसली.

पिवळा. स्थिर पिवळा.

"बया," ठकूमावशी म्हणाल्या आणि खाली बसून तिच्या कानाच्या जागी हात ठेवला. खूप वेळ ठेवला.

मॅडमच्या हातातल्या पडद्यावर तालुक्याची यादी नव्याने लागत होती. एकसष्ट लाल पिवळे झाले. नऊ हिरवे लाल झाले. त्या नऊंत मी डायमंडचं नाव शोधलं नाही, ते असणार हे मला माहीत होतं.

सोमवारी गार्गी तिच्या पप्पांच्या गाडीवरून शाळेत आली. मंगळवारीही. मी हॉलमधल्या फोटोखाली एक कागद चिकटवला, 'यातल्या तीनशे बारा चुकल्या होत्या, आणि इतर काही. आता तपासल्या आहेत.' मुख्याध्यापक म्हणाले, कशाला. मी म्हणाले, राहू दे सर.

पुढच्या रविवारी दुपारी फोनवर गार्गीची क्लिप आली. नमस्कार नाही, काही नाही. डायमंड अंगणात, तोंडाला जाळी. चिऊ घरात, जाळीच्या दारापलीकडे. खाली एकच ओळ.

'भार कुठल्या पायांवर आहे? मला कळत नाहीये.'

मी क्लिप पूर्ण पाहिली. मग दुसऱ्यांदा. उत्तर पहिल्या चार सेकंदांतच कळलं होतं, तरी तिसऱ्यांदा शेवटपर्यंत पाहिली.

'पुढच्या, अजून. पण चिऊ मागे गेल्यावर तो जागीच थांबला. नवव्या सेकंदाला बघ,' मी लिहिलं. मग थोडं थांबून लिहिलं, 'येऊ का?'

उत्तर यायला वेळ लागला.

'ये. हळू ये. आणि समोरून नको, बाजूने ये.'